पाखरांचं लुगडं

"खपतात म्हणता, पण नेसतं कोण?" नागपूरहून प्रदर्शनासाठी माल निवडायला आलेल्या निरीक्षकांनी लुगडं उलटसुलट करत विचारलं. "आठ दिवस या भागात फिरतोय. एका बाईच्या अंगावर दिसलं नाही."

गोकुळाला नेमकं तेच सलत होतं.

ठसे तिनं स्वतः कोरलेले. नवरा मनसाराम आलापल्लीच्या लाकूड डेपोत कारकून, म्हणून सागाचे तुकडे मिळत. ब्रह्मपुरीहून लग्न होऊन या जंगलात आली, ती चित्रकलेचं एक बक्षीस घेऊन. आधी तिनं मोर छापले, मग वेलबुट्टी. बाजारातल्या बाया कापड चोळायच्या, "रंग जाते का वो?" विचारायच्या, घासाघीस करायच्या आणि गिरणीचं लुगडं घेऊन चालू लागायच्या.

मग एकदा एटापल्लीच्या वाटेवर तिला एका गावाबाहेर कोरीव लाकडी खांब दिसला. वर पाखरांची जोडी, खाली फणी. काय हात होता कोरणाऱ्याचा! बैलगाडी थांबवून तिनं ती पाखरं कोळशानं वर्तमानपत्रावर उतरवून घेतली.

तेव्हापासून पाखरांचं लुगडं घरात टिकेना. पण गिऱ्हाईक अजब. बहुतेक पुरुष, तेही घाईत. रंगाचं विचारत नसत, भाव करत नसत. त्या खांबाच्या गावचा वारलू तर एकदा भर पावसात आला, दोन लुगडी उचलली आणि पाणीही न पिता गेला.

दर बाजाराला गोकुळा डोळे फाडून बघायची. निळी लुगडी, जांभळी लुगडी. तिची पाखरं कुठंच नाहीत.

"पेटीत ठेवत असतीन," मनसाराम म्हणाला. "सणाले काढतीन."

"तीन सण गेले. मले काय डोळे नाईत?"

कौतुक म्हणाल तर एकदाच झालं. पाखरांच्या कापडाच्या उरलेल्या तुकड्याचं तिनं लेकीला, सहा महिन्यांच्या रंभाला, झबलं शिवलं होतं. बाजारात एक म्हातारी ते बघून थबकली, पुटपुटली, बाही धरून ओढत राहिली. गोकुळा हरखून गेली होती.

निरीक्षकांनी घड्या घातल्या. "प्रदर्शनात एकच जागा उरली आहे. नेसलेली एक बाई दाखवा, जागा तुमची. उद्या सकाळी मी निघतो."

ते गेले आणि तासाभरात वारलू दारात.

"पाच दे, बाई."

"कोणासाठी नेऊन राह्यले, भाऊ?"

"मायसाठी."

"पाचही?"

"आमी पाच भाऊ. प्रत्येकाचं एक."

"मायले आवडते हे?"

"तिनंच सांगून ठेवलं. पाखरंवालंच आणजा म्हणे."

गोकुळाचं काळीज सुपाएवढं झालं. "मायच्या अंगावर मले पाहाले भेटन? आजच?"

वारलूनं तिच्याकडे टक लावून पाहिलं. "येतेस? तुमच्यातलं आजवर कोणी आलं नाई."

"काऊन नाई येणार? माह्याच हातचं आहे ते."

त्यानं मान खाली घातली. "चांगली आहेस, बाई. चाल."

तिनं रंभाला झबलं चढवलं, कडेवर घेतलं. वारलू झपाझप पुढं, ती धापा टाकत मागं. मनात एकच घोळत होतं: म्हातारीला उद्या सकाळी आलापल्लीला कसं आणायचं? बैलगाडी बघावी लागेल. फार थकलेली तर नसेल?

गावाबाहेर तोच खांब होता. आता त्याच्या शेजारी आणखी तीन उभे होते, नवे, वर तीच पाखरांची जोडी, बुडाशी भात वाहिलेला. गोकुळा खूश झाली. परतताना फणीही उतरवून घ्यायची तिनं ठरवलं.

अंगणात माणसं दाटली होती. ढोल वाजत होता. बाया सरकल्या, तिला वाट करून दिली.

मधे बाजेवर वारलूची माय निजली होती. थोरल्यानं पहिलं लुगडं उलगडलं आणि पायांपासून तोंडावरून पार डोक्यापर्यंत ओढलं. दुसऱ्यानं त्यावर दुसरं. मग तिसरं. पाखरांवर पाखरं बसत गेली.

घोळक्यातून एक म्हातारी उठली. बाजारातली तीच. ती गोकुळाजवळ आली, रंभाच्या अंगातलं झबलं काढलं, आणि उघड्या पोरीला आपल्या पदरात घट्ट गुंडाळून घेतलं.