हिरव्या पोपटाचा रुमाल

इंदोऱ्याच्या स्टॉपवर बस थांबते न थांबते तोच लोक खिडकीतून आत रुमाल टाकतात. ज्याचा रुमाल, त्याची सीट. हा कायदा कोणी मोडत नाही. माझा हात मात्र खिडकीला पुरत नाही. पाच वर्षं मी धरमपेठेतल्या ऑफिसात उभ्यानेच गेले. लग्नाच्या चार स्थळांनीही मला उभ्याउभ्याच नाकारलं.

सोमवारी बसमध्ये शिरले, तर खिडकीजवळच्या सीटवर माझाच रुमाल. कोपऱ्यात मी भरलेला हिरवा पोपट. माझा रुमाल तर माझ्या मुठीत होता!

बसले. काय सुख! सदरमधल्या बेकरीचा वास थेट नाकात.

मग हे रोजचंच झालं. उतरताना रुमाल उचलायला जावं, तर सीटवर काहीच नसे.

"भलतंच काही असन. तिथं बसू नको वं," ऑफिसातली कौसल्या म्हणाली.

"काहून नको? पाच वर्षं उभी राहिली, तवा कोणी जागा देली मले?"

आज शेजारच्या सीटवरही एक रुमाल होता. मोठा, निळ्या चौकड्यांचा, पुरुषाचा. मी हसत हसत त्याच्या घड्या नीट केल्या. बस सुटली आणि शेजारची गादी कोणी न बसताच हळूहळू खाली दबली. मी अंग चोरून खिडकीकडे सरकले. गाल उगाच तापले.

सदरला कौसल्या चढली. माझ्याशेजारी बसायला आली, थबकली आणि पदर सावरून मागे सरली.

"अवं, सांगायचं नाही का, भाऊजी सोबत हायेत म्हणून!"