खिंडीतला शेवटचा तास

चढाईच्या हुकमावर सही करण्याआधी, त्याच जागी धारातीर्थी पडलेल्या एखाद्या शिपायाचा शेवटचा तास सेनापतीनं यंत्रात बसून जगायचा, असा आता नियमच होता. या खिंडीसाठी तर कितीतरी लढाया झाल्या होत्या.

ब्रिगेडियर हेमांगी गोऱ्हे बोटं चोळतच यंत्रातून बाहेर आल्या. बर्फात सुन्न पडलेल्या त्या शिपायाच्या हातांना बिस्किटांचा पुडा शेवटपर्यंत फोडता आला नव्हता.

मेजर तुंगारे नकाशा पसरून बसले होते. "मॅडम, हरलेलीच लढाई दिसली असणार. कुठं चुकलं आपलं? तेवढं टाळू, की खिंड आपली."

"चुकलं काहीच नव्हतं, मेजर. ती लढाई आपण जिंकलो होतो."

हेमांगीबाईंनी पेनाला टोपण लावलं आणि खिंडीपलीकडच्या शत्रूच्या सेनापतींना फोन जोडायला सांगितला.