एक वस्तू कमी

"आता काढून दाखवा," असं म्हणत तिने बॅगेला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. बाबा नुसते हसले. ती शिकायला कुठेही निघाली, की ते तिच्या सामानातली एक वस्तू गुपचूप काढून ठेवायचे. कधी साबण, कधी छत्री. "परक्या गावात काही मागावं लागलं, की माणसं ओळखीची होतात," हे वर. पोचल्या पोचल्या ती फोनवर त्यांच्याशी कडाकडा भांडायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

महिन्याने ती तीच, मधे न उघडलेली बॅग घेऊन नव्या कॉलेजच्या गावी पोचली. आंघोळ झाल्यावर पाहते, तर टॉवेल नाही. चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त करणाऱ्या माणसाला तिने कुलूप दाखवलं होतं. महिन्यात पहिल्यांदाच ती खदखदून हसली. मग ओल्या केसांनीच समोरचं दार वाजवलं.

"टॉवेल विसरतं का कुणी?" समोरच्या मावशींनी दटावलं. "घे हा. आणि बस, चहा टाकते."

"विसरले नाही, मावशी. बाबांनी काढून घेतला."

"भलतेच खट्याळ दिसतात."

तासाभराने खोलीवर परतून तिने सवयीने फोन उचलला. मग तो खाली ठेवला आणि मोठ्याने म्हणाली, "बरं केलंत, बाबा."