अम्मांची खुर्ची

हैदराबादेत नल्लकुंट्याच्या नाल्याचं पाणी दोनदा घरांत शिरलं, तेव्हा अपार्टमेंटच्या कमिटीने पालखीसारख्या दांड्यांची लोखंडी खुर्ची करवून घेतली. तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या, पायांनी अधू मथुराबाईंसाठीच ती होती. दरवर्षी पावसाळ्यातल्या बोनालूच्या सणाआधी सराव व्हायचा. खुर्चीत सेक्रेटरीची सडपातळ सून बसायची, चौघे तिला अंगणातून गच्चीवर न्यायचे. "एकदा मला माझ्या पलंगावरून उचलून बघा की," मथुराबाई खिडकीतून म्हणायच्या. "अम्मा, तुम्हाला कशाला त्रास?" सेक्रेटरी हात जोडायचा. मग सगळ्यांबरोबर त्याही टाळ्या वाजवायच्या. यंदा पाणी पुन्हा शिरलं. चौघे खुर्ची घेऊन धावले, पण दांडे मथुराबाईंच्या बोळकांडीत वळेनात. पाणी पलंगाला टेकलं. "अम्मा, घाबरू नका, उचलायला चादर घेऊन येतो," म्हणत ते फिरले. भिजत्या गादीवर मथुराबाई कान देऊन बसल्या. जिन्यावरून सेक्रेटरीचा आवाज आला, "हळू रे, खुर्चीला धक्का नको."