साडेतीन सेकंद

“बघ, बघ, बघ!” खारूताई खुर्चीतल्या खुर्चीत उड्या मारायला लागली. “दादा, बघ ना, आला!”

लॅपटॉपच्या पडद्यावर ढब्बू धावत येत होता. क्षणापूर्वी तो आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला एका अनोळखी मुलीचा हात हुंगत होता. खारूताईने बटण दाबलं. तिकडे खांबावरच्या स्पीकरमधून तिचाच रेकॉर्ड केलेला आवाज निघाला, “ढब्बू, ये!” आणि नऊ वर्षांचा, पोट सुटलेला, एका कानाने वाकडा ढब्बू सगळं टाकून खांबाकडे सुटला. त्या मुलीचा हात तसाच पुढे राहिला.

“अर्धा सेकंद!” खारूताई ओरडली. “हाक मारली की अर्ध्या सेकंदात! जिंकले मी!”

खारूताई हे नाव दादाने ठेवलेलं. तिचा पाय जागेवर ठरत नसे आणि टकळी थांबत नसे म्हणून. पण गेले तीन आठवडे ती शाळेतून आली की मुकाट्याने एका जागी बसत होती. बाबांचा दमा बळावला, घरात कुत्रा नको असं डॉक्टरांनी बजावलं, आणि ढब्बूला दोन तासांवरच्या प्राण्यांच्या निवाऱ्यात सोडावं लागलं. बाबांच्या श्वासापुढे कोण काय बोलणार? ती रडत बसली नाही. तिने जुना मोबाइल आणि एक स्पीकर तिथल्या खांबावर बसवून घेतला आणि कोड लिहायला घेतला. मोबाइल चित्र क्लाउडवर पाठवणार, तिथून ते तिच्याकडे येणार, आणि तिने दाबलेलं बटण त्याच वाटेने उलटं जाऊन स्पीकर वाजवणार.

सुरुवातीला या सगळ्याला चार सेकंद लागत. बटण दाबलं तरी चार सेकंद पडद्यावरचा ढब्बू आपला ढिम्म.

“कुत्रा म्हातारा नाही झाला,” दादा चिडवायचा. “तुझा कोड म्हातारा झालाय.”

मग काय, ती इरेला पेटली. चित्राचे तुकडे साठवून पाठवायची पद्धत मोडीत काढली. थेट जोडणी केली. त्या क्लाउड सेवेची पानंच्या पानं वाचली. त्या नादात गणिताची चाचणी झोपली, आई ओरड ओरड ओरडली. आणि आज अर्धा सेकंद!

फोन वाजला. निवाऱ्यातल्या मावशी होत्या.

“बाळा, आत्ता तूच हाक मारलीस का गं?”

“हो मावशी! पाहिलंत? कसला पळत आला!”



“ती पोरगी त्याला घरी न्यायला आली होती गं.”

उड्या मारणारी खारूताई खुर्चीत खाली बसली.

“तिसरं घर हे. आधीची दोन अशीच परत गेली. तो कुणापाशी जातो, जरा रमतो, की तुझी हाक येते. मग खांबाखाली येऊन बसतो. खांब हुंगतो, वर बघतो. तू काही तिथे नसतेस. तासन्‌तास हलत नाही. जेवण तिथेच नेऊन ठेवते मी, तेही अर्धं टाकतो. बाळा, म्हाताऱ्या कुत्र्याला मागणारे रोज येत नाहीत.”

खारूताईने पडद्याकडे पाहिलं. ढब्बू खांबाखाली बसून होता. ती रोज हाक मारायची, तो आला की खूश व्हायची आणि लॅपटॉप मिटून अभ्यासाला लागायची. त्यानंतर तो किती वेळ बसतो, हे तिने एकदाही पाहिलं नव्हतं.

“गेले का ते लोक?”

“गेटपाशी आहेत. पोरगी हटून बसलीय, हाच हवा म्हणते. काय सांगू त्यांना?”

“थांबवा त्यांना, मावशी. आणि तिच्या हातात चेंडू द्या. मी सांगितलं की गेटच्या दिशेने फेकू दे. लांब.”

तिने माइक पुढे ओढला. घरी गच्चीवर ती चेंडू फेकून दोन शब्द म्हणायची, आणि त्या शब्दांवर ढब्बू मागे वळूनही न पाहता धूम ठोकायचा. नऊ वर्षांत एकदाही चुकला नव्हता. तेच दोन शब्द रेकॉर्ड करायचे होते. पहिल्यांदा आवाज फुटला. दुसऱ्यांदाही.

दादा मागे येऊन उभा राहिला.

“नेहमीसारखं म्हण,” तो हळूच म्हणाला. “रडका आवाज ऐकला तर तो जायचा नाही.”

तिसऱ्यांदा ती हसत म्हणाली. अगदी गच्चीवरच्यासारखं. जुनी हाक काढून तिने बटणाला नवी जोडली.

“फेकायला सांगा, मावशी.”

चेंडू पडद्याच्या कडेने उडत गेला. ढब्बूने तिकडे पाहिलंही नाही. तो मान वर करून कॅमेऱ्याकडे बघत होता, थेट तिच्या डोळ्यांत. शेपूट जमिनीवर आपटत होतं.

तिने बटण दाबलं.

“ढब्बू, पळ!”

अर्ध्या सेकंदात त्याने पाठ फिरवली.

साडेतीन सेकंद. तीन आठवडे जिवाचं रान करून तिने स्वतःच्या हाताने काढून टाकलेले. ते असते, तर तो अजून तिच्याकडेच बघत असता.