आली

मुलांनो, कल्पना करा: तुमची ताई जागतिक शर्यतीत पहिली आली, पण रक्ताची तपासणी करून आयोजक म्हणाले, "ही बाईच नव्हे," आणि पदक काढून घेतलं.

अशीच एक ताई मान खाली घालून घरी परतली. कोपऱ्यावर दुकानदारकाकांनी टोमणा मारलाच, "काय रे, आली म्हणायचं की आला?"

ती दारात पोचली, तेव्हा आतून आईने विचारलं, "कोण आलंय?"

रोज सरावाहून परतताना "आई, मी आले!" म्हणत घर डोक्यावर घेणाऱ्या ताईच्या तोंडून आज "मी"च्या पुढे शब्द फुटेना.

धाकटी धावत आली, तिच्या कमरेला बिलगली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली,

"आई, आपली ताई आली! पहिली आली!"