बुधवारची पद्धत

सून हसली नाही. सासऱ्यांनी ठेवणीतला विनोद काढला होता, चोर आणि बहिऱ्या न्यायाधीशाचा. त्यावर एकदा बँकेचा मॅनेजर खुर्चीवरून घसरला होता. जेवायला बसलेल्या आठ जणांपैकी सात जण मांड्यांवर थापा मारत हसले. सुनेने विनोद शेवटपर्यंत नीट ऐकून घेतला आणि विचारलं, "मग चोराला शिक्षा किती झाली?"

"वरच्या मुलखातली आहे," हात धुताना सासरे शेजाऱ्याला म्हणाले. "तिकडे थंडीने ओठ शिवले जातात. पोरीचा काही दोष नाही."

देशाच्या वरच्या आणि खालच्या भागाला एकमेकांची पक्की खात्री होती. खालचे म्हणत, वरचे लोक घुमे. शेजारी मेला तरी दार वाजवल्याशिवाय आत जायचे नाहीत. वरचे म्हणत, खालचे वाचाळ. रस्ता विचारला तर जेवायला बसवतात आणि रस्ता चुकीचाच सांगतात.

सासरे खालचे, आणि धंद्याने शिंपी. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. गिऱ्हाइकाला हसवल्याशिवाय ते कमरेचं माप घेत नसत. माणूस हसला की आत ओढलेलं पोट सुटतं, तेच खरं माप, असं त्यांचं शास्त्र. मापाला आलेला माणूस बहुधा जेवूनच जाई. "लाजू नका, घर आपलंच आहे," हे वाक्य ते दिवसातून दहा वेळा म्हणत. आतल्या खोलीत सासूबाई एकतीस वर्षं त्या वाक्याचा भात शिजवत होत्या.

सून रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. सुई टोचताना "दुखेल" एवढंच म्हणायची, आणि दुखायचं.

लग्नानंतर तिसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी, ती जेवताना म्हणाली, "बाबा, एक सांगायचं राहिलं. आमच्याकडे बुधवारी बायका शेगडीला हात लावत नाहीत. पुरुष रांधतात आणि भांडीही पुरुषच घासतात. फार जुनी पद्धत आहे. मोडली तर पुरुषांचे केस जातात."

सासरे विरघळले. आईबाप सोडून आलेली पोर, तिचं एवढं तरी असू दे. "आपण काय घुमे आहोत? होऊन जाऊ दे," ते म्हणाले.

पहिल्या बुधवारी भात करपला. बस चालवणाऱ्या नवऱ्याने बोट कापून घेतलं. सासूबाई दुकानात गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसल्या, आणि हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. तिसऱ्या बुधवारी त्यांना बसल्याबसल्या डुलकी लागली. सहाव्या बुधवारी त्या पाय वर घेऊन बसल्या आणि मीठ कमी आहे म्हणाल्या. घर आपलंच असल्याचं सासरे आता बुधवारी कुणाला सांगत नसत.

पण सून काही हसेना. पाच महिने झाले. सासऱ्यांचे निम्मे विनोद तिच्यावर खर्ची पडले. गल्लीतल्या लोकांनी विचारायला सुरुवात केली, "काय, हसली का?" सासऱ्यांना तो धंद्याचा अपमान वाटू लागला आणि मग हळूहळू तिचीच काळजी वाटू लागली.

"पोर रमत नाही इथे," ते मुलाला म्हणाले. "तिचे वडील येताहेत, त्यांना सरळ सांगतो. चार महिने घेऊन जा म्हणावं. कोंडून ठेवण्यात काय अर्थ आहे?"

मुलाचा चेहरा उतरला. सासूबाईंनी विचारलं, "तिला विचारलंत का?"

"विचारायचं काय त्यात? तोंडावर दिसतंय की."

सुनेचे वडील आले तो नेमका बुधवार. घड्याळं दुरुस्त करणारा उंच, कोरडा माणूस. घरातही डोक्यावर लोकरीची टोपी.

"प्रवास कसा झाला?" सासऱ्यांनी विचारलं.

"संपला."

सासऱ्यांनी त्यांना थेट स्वयंपाकघरात नेलं. कामाच्या नादात अवघड विषय सोपा जातो, असा त्यांचा अनुभव होता. त्यांनी व्याह्यांच्या हातात सुरी आणि कांदा दिला. "तुम्हाला काय सांगायचं? तुमचीच पद्धत."

व्याह्यांनी सुरी स्क्रूड्रायव्हरसारखी धरली. कांदा उलटासुलटा करून तो कुठून उघडतो ते पाहिलं. साठ वर्षांत हा माणूस कांद्याला पहिल्यांदाच भेटतोय, हे सासूबाईंना दारातूनही कळलं.

"कसली पद्धत?" त्यांनी विचारलं.

"हीच, बुधवारी पुरुषांनी रांधायची. पोरगी म्हणाली, मोडली तर पुरुषांचे केस जातात."

व्याह्यांनी मुलीकडे पाहिलं. ती भिंतीकडे बघत होती. त्यांनी कांदा खाली ठेवला आणि सावकाश टोपी काढली. डोक्यावर औषधालाही केस नव्हता.

"मोडली होती एकदा," ते म्हणाले. "पण तुमची गल्लत होतेय. नुसता बुधवार नाही. शनिवारसुद्धा असतो."

सून हसली. आधी नाकातून, मग खांदे गदगदायला लागले, मग तिला दाराची चौकट धरावी लागली. नवरा धावत आला. त्याने बायकोचं हसू आजवर ऐकलंच नव्हतं असं नाही. पण ते दार लावल्यावरचं असायचं, आणि कशावर ते ती सांगायची नाही.

जे बोलायचं ठरवलं होतं ते सासऱ्यांच्या तोंडातच राहिलं. ते आळीपाळीने सगळ्यांकडे बघत राहिले.

"शनिवार असतो, यात हसण्यासारखं काय आहे?" त्यांनी विचारलं.

सासूबाई दारातून आत आल्या. त्या याच गावच्या, माहेर दोन गल्ल्या सोडून. त्यांनी सुनेकडे पाहिलं, व्याह्यांकडे पाहिलं, आणि चेहऱ्यावरची एक सुरकुतीही हलू दिली नाही.

"माझ्या माहेरी," त्या म्हणाल्या, "रविवारही असतो."